बाहेर पन्नास माणसं, आत एकोणीस खुर्च्या रिकाम्या

मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर मधलं कापा, पण दुसऱ्या घंटेनंतर पासाच्या रिकाम्या खुर्च्या सोडायचा मुद्दा तेवढा ठेवा, बाकी आमचं रडगाणं काय नेहमीचंच.

गेल्या महिन्यात एका रविवारी आपल्या गावात एका हॉलवर सध्या गाजत असलेल्या संगीत नाटकाचा प्रयोग होता, संध्याकाळी पाचचा. हॉलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाटकाचं पण नाही, कारण मला कुण्या एका मॅनेजरशी भांडायचं नाहीये, आणि तसं बघितलं तर हे थोड्याफार फरकानं सगळीकडंच चालतं. मी नाटकातला कुणी नव्हे. उद्यमनगरात माझं लेथचं छोटं शॉप आहे, दोन मशीन आणि एक पोऱ्या. नाटकाचा नाद आईचा. आई ७९ वर्षांची आहे, डोळ्याचं एक ऑपरेशन झालंय, गुडघे गेलेत, पण सांगली आकाशवाणीवर नाट्यगीत लागलं की हातातली भाजी तशीच ठेवून बसते. तिनं पेपरात जाहिरात बघितली (तुमच्याच) आणि म्हणाली, एवढं एक दाखव, परत काय मी सांगणार नाही. असं ती दरवेळी म्हणते ते सोडा.

प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, बुधवारी सकाळी ऑनलाइन ओपन झाला. मी मशीनवर, हाताला ऑइल, जॉब अर्ध्यात सोडता येत नाही, म्हणलं जेवायच्या सुट्टीत काढू तिकिटं, कुठं पळून जातात. दीड वाजता ॲप उघडलं तर सगळ्या खुर्च्या करड्या. बाल्कनीत कोपऱ्याला दोन हिरव्या दिसल्या, त्यावर बोट ठेवलं तर ते चक्र फिरतंय फिरतंय फिरतंय, ओटीपी येईपर्यंत त्या पण गेल्या. आता यात ॲपचा दोष नाही, लोक संगीत नाटकावर एवढे तुटून पडतात याचा उलट आनंदच आहे, पण ज्याच्या हातात सकाळी दहाला मोबाईल नसतो त्यानं काय करायचं हा प्रश्न राहतोच. हॉलवर फोन केला. पलीकडचा म्हणाला, रविवारी या, कॅन्सलची असतील तर शोच्या आधी अर्धा तास खिडकीवर देतो, लाइनीनं.

मग काय, रविवारी साडेबाराला जेवून आईला घेऊन गेलो. तिला मी म्हणलं होतं तू घरात थांब, तिकीट मिळालं की फोन करतो, रिक्षा करून ये. ऐकतीय व्हय. म्हणाली, मिळालं आणि मी पोचले नाही तर? चला.

आमच्या आधीच दहाजण उभे होते. एक नवरा बायको गडहिंग्लजहून सकाळच्या एसटीनं आलेले, डबा बांधून. इचलकरंजीचे एक रिटायर संगीत शिक्षक, ते वडापनं (शेअर गाडीनं) आलेले आणि जाताना वडाप मिळणार नाही याची काळजी दुपारपासून करत होते. कॉलेजच्या चार पोरी. आणि एक पैलवान. पैलवान म्हणजे खराखुरा, कान मोडलेला, तालमीतला, पांढरा कुर्ता. मला वाटलं कुणाची तरी जागा धरायला आलाय. तर नाही, त्याचे आजोबा म्हणे एका नाटक कंपनीबरोबर तबला वाजवत फिरायचे, त्यामुळं घरात सगळ्यांच्या कानाला तेच वळण. तो हळू आवाजात एक पद गुणगुणत होता, आमच्या आईनं दोन ओळी ऐकून घेतल्या आणि म्हणाली, पाव्हणं, ती जागा अशी नाही, तिथं खाली यायचं आणि मग वर. आणि म्हणून दाखवली. ते इचलकरंजीचे मास्तर लांबून मान हलवायला लागले. पैलवानानं कान पकडला. शेजारच्या चहावाल्यानं न मागता लाल प्लास्टिकचं स्टूल आणून दिलं आईला, आणि तिथनं पुढं आमच्या रांगेत गाण्यांची गाडी सुटली ती सुटलीच.

रांग म्हणजे आपल्याला काय नवीन नाही. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला उभं राहिलेला माणूस कुठल्याही रांगेला भीत नाही. रॉकेलच्या रांगेत वीट ठेवून नंबर धरलेले दिवस माझ्या पिढीनं बघितलेत. इथं एकानं चप्पल काढून ठेवली आणि सावलीला गेला, तर दुसऱ्यानं त्याच्यामागं आपली ठेवली, अशा सहा सात कोल्हापुरी चपला ओळीत, उन्हात, माणसं झाडाखाली. परत येऊन बघतायत तर कुठली कुणाची. एकजण दोन डाव्याच घालून उभा होता थोडा वेळ.

हे बघून त्या कॉलेजच्या पोरींतली एक पुढं झाली आणि तिनं बॉलपेननं प्रत्येकाच्या तळहातावर नंबर लिहायला सुरुवात केली. आईचा अकरा, माझा बारा. आईनं हात असा पुढं केला जसं पूर्वी देवीची लस टोचायला करायचे. तीन वाजेपर्यंत नंबर चाळीसच्या वर गेले. आणि साडेतीनला वळीव आला. तुम्हाला माहिताय आपल्याकडचा वळीव कसा येतो, आधी पंचगंगेकडनं काळं होतं, धुळीचा लोट येतो, आणि मग पाच मिनिटांत माणूस निथळतो. पोर्चमध्ये जागा पंधरा माणसांची, आत घ्यायला वॉचमन तयार नाही, कारण दार साडेचारला उघडायचं असा नियम. पाऊस थांबला तेव्हा सगळ्यांच्या हातावर नुसता निळा फराटा. कुणाचा नंबर कितवा, आता भांडा. मागनं आलेली दोनचार पोरं लगेच म्हणायला लागली आम्ही सातवे, आम्ही आठवे. पैलवानानं एकदा नुसतं वळून बघितलं, ती गप्प झाली, पण गप्प झाली म्हणजे प्रश्न सुटला असं नाही.

सुटला तो त्या पोरीमुळंच. तिनं हातावर लिहिलं तसं वहीच्या मागच्या पानावर पण लिहून ठेवलं होतं. नावं विचारली नव्हती, कारण अनोळखी माणसाला नाव कसं विचारायचं, म्हणून खुणा लिहिलेल्या. ४ डबावाले काका, ५ डबावाल्या काकू, ६ मास्तर, ७ पैलवान, ११ स्टूलवाल्या आजी, १२ आजींचा मुलगा. ५८ वर्षांचा झालो, शॉपच्या पाटीवर माझं नाव आहे, पण त्या दिवशी मी आजींचा मुलगा. ती वही वाचत गेली आणि लोक ओळीत उभे राहत गेले, एकानं पण वाद घातला नाही. साहेब, हे काम खरं खिडकीतल्या माणसाचं आहे. एक टोकनचं पुस्तक दीडशे दोनशे रुपयाला मिळतं, पिठाच्या गिरणीत पण नंबराचा बिल्ला देतात.

साडेचारला खिडकी उघडली. एका माणसाला एकच तिकीट. कॅन्सलची निघाली अकरा. अकरावं आईचं. बाराव्या नंबरला आतनं हात हलला आणि हाऊसफुल्लचा बोर्ड खिडकीला लागला, खरं तर बोर्ड आधीपासूनच बाहेर टांगलेला होता, हा दुसरा. माझ्यामागं तेव्हा चाळीसएक माणसं असतील. आई म्हणाली मी पण नको, चल घरी. मी म्हणलं आता तू आत जाणार, चार तास कशाला बसलीस मग. दारापर्यंत सोडलं, डोअरकीपरला सांगितलं गुडघे दुखतात, पायरीला हात द्या. त्यानं दिला पण, चांगला माणूस.

बाहेर आम्ही बरेचजण तसेच थांबलो. थांबायचं काही कारण नव्हतं. मिळालं तर मिळालं. पाच वाजता घंटा झाल्या, आतनं ऑर्गनचा सूर आला, नांदी सुरू झाली, दार लावलेलं तरी ऐकू येत होती. तेवढ्यात दोन गाड्या आल्या, पांढऱ्या, माणसं उतरली, निवांत, एकजण फोनवर बोलत, बाजूच्या दारानं आत. मला वाटलं चला, हे पासवाले आले, म्हणजे आत आता खरंच मुंगीला जागा नसणार, मनाची समजूत झाली.

ती समजूत मध्यंतरापर्यंतच टिकली. मध्यंतरात आई बाहेर आली, चेहरा असा फुललेला, आणि पहिलं वाक्य नाटकाबद्दल नाही. म्हणाली, अरे पुढं सगळं मोकळंच की रे. मी म्हणलं कुठं मोकळं? म्हणाली, पहिल्या तीन ओळीत एकोणीस खुर्च्या मोकळ्या आहेत, मी दोनदा मोजल्या, गाणं चालू असताना डोळं सारखं तिकडंच जात होतं. आमची आई पूर्वी भाजी विकायची, तिचा हिशेब चुकत नाही. त्या दोन गाड्यांतले सहाजण आले होते, बाकीचे आलेच नाहीत.

मी मॅनेजरला जाऊन विचारलं, अगदी सरळ, आवाज न चढवता. तो म्हणाला, पासची आहेत, पाहुणे येतील. मी म्हणलं अर्धं नाटक झालं. तो म्हणाला, आले तर? आता या ‘आले तर’ला काय उत्तर द्यायचं तुम्हीच सांगा. पुढं गेलो नाही. त्याचाही इलाज नसणार, पास कुणाकुणाला द्यावे लागतात ते आपल्याला कळतं. प्रायोजकाचे, ऑफिसांचे, ओळखीचे, जाहिरात दिली त्यांचे, नटांच्या घरच्यांचे. नाटकवाल्याला गावात येऊन प्रयोग करायचा तर हे करावंच लागतं. पास देण्याला माझी हरकतच नाही. दिलेला पास वापरायचा नाही, नको असेल तर परत पण करायचा नाही, आणि ती खुर्ची तीन तास अडवून ठेवायची, याला आहे.

त्या डोअरकीपरनंच मग तिसरी घंटा झाल्यावर आम्हा पाच जणांना हळूच म्हणलं, काका, आत या, मागं भिंतीला उभं रहा, मी काय तुम्हाला बघितलं नाही. गेलो. खोटं कशाला बोलू, निम्मं नाटक मी फुकट बघितलं, आणि उभं राहून. आमच्या पाचातला एकही पुढं जाऊन त्या खुर्च्यांवर बसला नाही. प्रत्येक खुर्चीच्या पाठीला पांढरा कागद सेलोटेपनं चिकटवलेला, त्यावर स्केचपेननं ‘राखीव’. फॅनच्या वाऱ्यानं ते कागद हलत होते. पैलवानाला तिकीट मिळालेलं, तरी तो पण माझ्या शेजारी भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, एका तानेला त्याच्या तोंडातनं ‘आहा’ गेलं आणि वन्समोअर पहिला त्यानंच दिला, मागच्या भिंतीवरनं. पुढच्या तीन ओळी गप्प, कारण तिथं होतंच कोण. गाणारा माणूस समोर बघून गातो हो. त्याच्या डोळ्यासमोर कागद.

हिशेब पण सांगतो, कारण मी धंद्याचा माणूस. पुढच्या ओळींचा दर ५०० रुपये होता. एकोणीस खुर्च्यांचे ९,५०० झाले. आम्ही सगळे रोख पैसे खिशात घेऊन बाहेर उभे, घेणारा नाही. नाटकवाले एवढा ट्रक भरून सेट, वादक, माणसं घेऊन येतात, दोन वेळचं जेवण, लॉज, डिझेल, त्यांना ९,५०० काही कमी नाहीत. माझ्या शॉपवर कुणी ऑर्डर देऊन माल न्यायला आला नाही आणि दारात दुसरा गिऱ्हाईक उभा असला तर मी काय करीन?

माझा भाचा न्यू जर्सीत असतो, त्याला हे सगळं फोनवर सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणाला मामा, इथं ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांच्या भागात, आम्ही हेच करतो, पण जरा शिस्तीत. तिथं न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून एक खिडकीच आहे, त्या दिवशीच्या प्रयोगांची उरलेली तिकिटं निम्म्या दरापर्यंत उतरवून विकायची, लोक तासतासभर उभे असतात. १९९६ मध्ये ‘रेंट’ नावाचं संगीत नाटक आलं, त्यांनी तर पहिल्या दोन ओळी, म्हणजे आपल्याकडं ज्या पासवाल्यांच्या असतात त्याच, रोज २० डॉलरला खिडकीवर विकायला काढल्या, का तर ते नाटकच कडक्या पोरांवर होतं आणि तसल्या पोरांना परवडलं पाहिजे. पोरं रात्रभर फूटपाथवर झोपायला लागली, मग ते धोक्याचं वाटायला लागलं म्हणून पुढं चिठ्ठ्या टाकायची पद्धत केली. नंतर ‘हॅमिल्टन’ नाटकाला १० डॉलरच्या तिकिटांसाठी चिठ्ठी काढली, कारण ज्या हॅमिल्टनवर नाटक आहे त्याचा फोटो तिथल्या १० डॉलरच्या नोटेवर आहे. भाच्यानं म्हणे कित्येकदा नाव घातलं, एकदाही लागला नाही, पण तो म्हणतो, नाही लागला याचं दुःख नाही, चिठ्ठी सगळ्यांसमोर निघत होती. आणि नटांसाठी, निर्मात्याच्या पाहुण्यांसाठी ते पण खुर्च्या अडवून ठेवतात बरं का, अमेरिकन माणूस काय देव नाही, फक्त कुणी घेतल्या नाहीत की वेळेत सोडून देतात. पुन्हा बाहेर कॅन्सलची वेगळी रांग असते. मी म्हणलं तुमच्याकडं पैलवान असतो का रांगेत? म्हणाला नाही.

पण अमेरिकेपर्यंत कशाला जायचं. महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला जाताना आरएसीवर बसलेला माणूस काय करतो? टीसीची वाट बघतो. ज्याचं रिझर्वेशन आहे तो आलाच नाही की टीसी ती बर्थ आरएसीवाल्याला देतो. तिथं कुणी म्हणत नाही की ‘आले तर?’. गाडी हलली की विषय संपला. लग्नात मुहूर्ताला अक्षता पडतात, पाव्हणा मिरजेच्या फाटकात अडकलाय म्हणून भटजी थांबतोय काय. नाटकाची तर घंटा असते, ती पण एक नाही तीन. कशाला केल्यात तीन?

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. दुसरी घंटा झाली की ज्या पासाच्या खुर्चीवर माणूस बसलेला नाही ती सुटली. सरळ खिडकीवर आणायची, पूर्ण दरानं, रांगेतल्या पुढच्या नंबरला. पासवाला नंतर आला तर त्याला मागं जिथं असेल तिथं बसवा, नसेल तर आमच्यासारखं भिंतीला उभं करा, वाईट नसतं काय, मी उभा राहिलोय. पासावरच मोठ्या अक्षरात छापा की दुसऱ्या घंटेनंतर हा पास चालणार नाही. निमंत्रणपत्रिकेवर ‘वेळेवर उपस्थित राहावे’ छापतात आणि कुणी वाचत नाही, तसं बारीक नको. आणि खिडकीवर दुपारपासूनच टोकन द्या, म्हणजे कुण्या पोरीला वही काढायची वेळ येणार नाही. सत्तरच्या वरचं माणूस असेल तर त्याच्याबरोबर एकाला तिकीट द्या, हे माझ्या स्वार्थाचं आहे, कबूल करतो. मात्र किती पास वाटलेत आणि आत्ता किती खुर्च्या सुटल्यात हे बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलंच पाहिजे. रांगेतला माणूस तासाला भीत नाही, आपल्याला फसवतायत काय या शंकेनं तो तडकतो.

व्यवस्थापनाची अडचण पण माझ्या ध्यानात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेत पाच सात मिनिटं असतात, तेवढ्यात अंधारात खुर्च्या मोजायच्या, तिकीट फाडायचं, माणसं बसवायची, गडबड होणार. कुणीतरी वजनदार माणूस दहा मिनिटं उशिरा येणार आणि फोन फिरवणार, आणि नोकरी त्या डोअरकीपरची जाणार, मॅनेजरची नाही. हे सगळं खरं आहे. म्हणूनच हा नियम कुण्या एका हॉलनं लावून भागणार नाही, सगळ्या हॉलवर आणि गावातल्या सगळ्या आयोजकांनी मिळून लावला पाहिजे, म्हणजे ‘अमक्याकडं चालतंय, तुमच्याकडंच का नाही’ ही सोय राहत नाही.

आणि हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे केशवराव. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळताना या गावातली माणसं रस्त्यावर उभी राहून रडली, मी पण त्यात होतो. दुसऱ्या दिवशी ९ ऑगस्ट, ज्या गायक नटाचं नाव त्याला दिलंय त्या केशवरावांची जयंती. असा दैवाचा खेळ. शाहू महाराजांनी १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभं केलेलं, खासबागेच्या मैदानाला लागून, म्हणजे एका भिंतीपलीकडं कुस्ती आणि अलीकडं गाणं. लहानपणी वडिलांबरोबर तिथल्या खिडकीला उभा राहिलेलो मला आठवतंय, पलीकडनं हलगी ऐकू येत होती आणि वडील म्हणत होते, तिकडं जायचं काय इकडं? खरं सांगू, मला तिकडं जायचं होतं. याच गावानं नाटकाचे पडदे रंगवणारे पेंटर बंधू दिले, त्यातल्या बाबूरावांनी पुढं इथं सिनेमाची कंपनी काढली, पण ते सोडा, विषय भरकटतोय.

केशवराव गेले १९२१ मध्ये, ४ ऑक्टोबरला, वय जेमतेम ३१. त्याच वर्षी ८ जुलैला मुंबईत त्यांनी आणि बालगंधर्वांनी मिळून ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा संयुक्त प्रयोग केला, ते नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी, पैसा टिळक स्वराज्य फंडाला. दोन कंपन्या एकमेकींच्या स्पर्धेतल्या, दोघांचे चाहते एकमेकांच्या उरावर बसलेले, तरी एका स्टेजवर दोघं उभे राहिले. त्या रात्री तिकिटासाठी बाहेर काय झालं असेल याचा मी आमच्या रांगेत उभा राहून बराच वेळ विचार करत होतो. आणि आपल्याला तीन ओळींच्या खुर्च्यांची व्यवस्था लावता येईना.

आता केशवराव परत उभं राहतंय. नवीन खुर्च्या येतील, लाईट येईल, साउंड येईल, उद्घाटन होईल, भाषणं होतील, त्या दिवशीचे पास तर आत्तापासनंच कुणीतरी मोजत बसलं असेल. हरकत नाही, उद्घाटन तुमचं. दुसऱ्या दिवसाच्या पहिल्या प्रयोगापासून दुसऱ्या घंटेचा नियम लावा. महापालिकेनं भाड्याच्या करारात एक ओळ घातली की झालं, आयोजकाला पण बरं, तो पासवाल्याला सांगेल, साहेब, माझ्या हातात नाही, करारात आहे. ‘माझ्या हातात नाही’ हे वाक्य आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे, एकदा चांगल्या कामाला वापरू.

घरी जाताना रिक्षात आईला विचारलं, कसं वाटलं नाटक. म्हणाली, नायिका छान गायली, त्या म्हाताऱ्याचं काम करणारा जरा घाईत होता, तबला एक नंबर. आणि मग मंगळवार पेठ येईपर्यंत गप्प. मग म्हणाली, माझ्या शेजारी कोपऱ्यात ती पोरगी बसली होती, वहीवाली. तिला तिकीट मिळालं हे बरं झालं.

आपला,
एक प्रेक्षक (नंबर १२)
उद्यमनगर, कोल्हापूर

ता. क. पावसात कुणीतरी आईच्या डोक्यावर निळी छत्री धरली आणि गडबडीत ती आमच्याकडंच राहिली, दांड्याला लाल दोरा बांधलेला आहे. पुढच्या संगीत नाटकाच्या दिवशी दुपारी साडेबारापासून मी ती घेऊन रांगेत असेन.